चारशे दहा पावलांवरचा चेहरा

नाही ताई, पाऊस नव्हता त्या दिवशी, मळभ होतं — नुसतं मळभ. सकाळी सातपासून आभाळ असं खाली उतरलेलं, की कुणी मळकी चादर वाळत घातलीय आणि तिचं टोक जमिनीला लागतंय. वारा म्हणाल तर पान हलत नव्हतं. थंडी नाही, ऊन नाही. अशा हवेत लांबचं सगळं एका रंगाचं होतं — माणूस, खांब, भिंत, सगळं राखाडी. म्हणून मला नीट काही दिसलं नाही, आणि म्हणून तर मी तुमच्या या कॅमेऱ्यांच्या दुकानात आलो. आता तुम्ही विचारताय, एवढं लांब खरंच आहे का — आहे. चारशे दहा पावलं. माझं पाऊल अडीच फुटांचं, जमीन मोजायच्या सरकारी साखळीवर पारखलेलं. म्हातारपणी दोन बोटं आखडलं असेल, ते धरून सांगतोय. पाण्याच्या टाकीजवळ एक टेकाड आहे, कुंपणाच्या बाहेर, तिथून मैदानाच्या मधोमध — चारशे दहा. मैदानात कसा शिरलो? नाही शिरलो. कुंपणाच्या कडेने काटकोनात चाललो आणि हिशोब केला. ते जाऊ द्या, तो आमचा धंदाच होता.

काल शंभर पावलं म्हणालो होतो? असेन म्हणालो. रागावू नका, पण मी जरा पारखत होतो. परवा तुम्ही ही आखूड लेन्स दाखवलीत, सत्तर ते दोनशेची, म्हणालात, पुरेल. काल ही मधली. आज ही दीडशे ते सहाशेची — ही तर तान्ह्या पोरासारखी दोन हातांनी धरावी लागतेय. आता माझ्यासारख्याने काय समजायचं? उद्या आलो तर आतून तोफ काढाल. हसलात, बरं झालं. तीन दिवसांत पहिल्यांदा हसलात. तुम्हालाही माझा संशय येतोय ना? येणारच. म्हातारा रोज दहाला येतो, बाराला जातो, घेत काही नाही, प्रत्येक भिंगाला डोळा लावतो — आणि तुम्ही आत जाताना त्या कपाटाचं कुलूप हळूच ओढून बघता. मला दिसतं हो. चष्मा लावला की हाताजवळचं सगळं दिसतं मला. लांबचंच तेवढं राहिलंय.

मी मोजणी खात्यात होतो. साहेब नव्हे — पट्टी धरायचो. तुम्ही रस्त्याकडेला बघितलं असेल, एक माणूस तिपाईवरच्या दुर्बिणीला डोळा लावून वाकलेला असतो आणि लांब दुसरा एक माणूस उंच पट्टी धरून खांबासारखा उभा असतो. तो खांब म्हणजे मी. पट्टीवर आकडे असतात, साहेब तिकडून वाचणार, वहीत लिहिणार, मग हात वर करून खाली आणणार — म्हणजे झालं, चल पुढे. मग मी पट्टी खांद्यावर टाकून पुढच्या खुंटीकडे. चाळीस वर्षं हेच. अक्षर मला येत नाही, सही करतो तीसुद्धा चित्र काढल्यासारखी. पण आकडे कसेही लिहा, उलटे लिहा, वाचून दाखवतो. उलटे अशासाठी, की जुन्या दुर्बिणीत सगळं उलटंच दिसायचं. आमचा साहेब म्हणायचा, तुला वीस वर्षं मी डोक्यावर उभा बघतोय, तुझ्या चपला ओळखतो, चेहरा मला विचारू नकोस. आणि गंमत बघा — एवढी वर्षं मला लोकांनी भिंगातून बघितलं, मी एकदाही नाही. मागितलं होतं एकदा. साहेब म्हणाला, तुझं काम तिकडच्या टोकाला. तर पहिल्यांदा भिंगाला डोळा लावला तो इथे, तुमच्या दुकानात, सोमवारी. वय वर्षं त्र्याहत्तर.

चला, जरा दारात उभं राहून बघू. पट्टा गळ्यात घातलाय, घाबरू नका, पळणार नाही मी — या गुडघ्यांनी पळालो तर तुम्ही दुकान बंद करून, जेवून येऊन मला पकडाल. हं. ते टोकाचं औषधाचं दुकान. पाटीखाली फोन नंबर आहे — नऊ, आठ, दोन, दोन… पुढचा सहा की शून्य? हलतंय सगळं. मी हलतोय की ही हलतेय? आतून सावरते म्हणता? बटण कुठलं, हे? — अरे. थांबलं की. सहाच आहे. म्हणजे धरणाऱ्याचा हात कापला तरी आतलं चित्र ठाम. आम्हाला असं आतून सावरणारं कुणी दिलं नाही ताई, पट्टी बोटभर झुकली की तिकडून साहेबाची शिवी यायची आणि वाऱ्याबरोबर ती स्पष्ट ऐकू यायची. बरं, एक सांगा — शनिवारी ऊन पडलं तर? दहाच्या पुढे मैदानातून वाफ निघते, लांबचे आकडे नाचायला लागतात, आम्ही मोजणी बंद करून झाडाखाली बसायचो. तुमची ही सहाशेची लेन्स माणसाला जवळ आणेल, तशी त्या वाफेलाही जवळ आणणारच ना? …लेन्सचं टोपण पुसायला लागलात. म्हणजे आणते. हे तुम्ही आपणहून सांगितलं नसतंत. राहू द्या, दुकान आहे, तुम्ही तरी काय करणार. कार्यक्रम आठला सुरू होतो, तोवर वाफ नसते, मीच ते धरून चाललोय.

आता माझे प्रश्न. चारशे दहा पावलांवरून छातीवरचा नंबर वाचता येईल? सत्तावीस. दोन आकडी, पांढऱ्यावर काळा, तळहाताएवढा. येईल? नक्की? आणि टोपीखालचा चेहरा? म्हणजे ओळखीचा असेल तर ओळखता येईल इतका? आणि समजा — समजा म्हणतोय — एखादी रांगेत नाहीच. तर ती नाही, हे फोटोत कळेल? म्हणजे उद्या कुणी म्हणालं की होती हो, तुम्हाला दिसली नसेल, तर फोटो दाखवून सांगता येईल का, की ही बघा सव्वीस, ही बघा अठ्ठावीस, आणि मध्ये कुणी नाही?

असं का बघताय? बरं, सांगतो. ताकाला जाऊन भांडं कशाला लपवू. नात आहे माझी. फायर ब्रिगेडच्या प्रशिक्षणात आहे, शनिवारी त्यांची शेवटची परेड, परेड झाली की पट्टा मिळतो आणि मग नोकरीवर. आम्ही तिला खुंटी म्हणतो. लहानपणापासून — एवढीशी होती, पण जिथे उभी राहिली तिथून हलवून दाखवा. मुलगा आणि सून दोघं कामाला जायचे, मी रिटायर झालेलो, मीच वाढवलं म्हणा. दोनच पास मिळालेत बाबा, मुलगा म्हणाला, फक्त आईबापांना. ठीक. नियम असतो. मी म्हटलं, मी बाहेरून बघेन, तुझा जुना कॅमेरा दे. दिला लगेच. आणि म्हणाला — इथे माझ्या मनात पाल चुकचुकली बघा — म्हणाला, बाबा, लांबचं यायला मोठी लेन्स लागते, चांगली चार दुकानं फिरा, घाई करू नका. अहो, हा माणूस मी बाजारात अर्धा तास जास्त काढला तर फोन करकरून जीव खातो. आणि आता म्हणतो, घाई करू नका. आमची मंडळी तर त्याच्या वरताण. दहा वाजले नाहीत तोवर माझ्या चपला दाराबाहेर सरळ करून ठेवलेल्या. पन्नास वर्षांच्या संसारात हिने माझ्या चपलेला पायाने सरकवलं असेल, हाताने कधी उचललेलं बघितलं नाही.

म्हणून मी घरी गेलो की आधी मोजतो. सवय. माझी खुर्ची खिडकीपासून दोन हातांवर असते. परत येतो तर दीड हात. मोरीत तीन कप धुऊन उपडे घातलेले. घरात त्या वेळी माणूस एक. मी विचारलं, कोण आलं होतं? ही म्हणते, कोण येणार? मग तीन कप? म्हणते, दोनदा मीच प्यायले. तीनदा म्हण की, मी म्हटलं, हिशोब तरी जुळू दे. तर म्हणते, तुमच्या डोळ्यात मोतीबिंदू आहे, तो काढा आधी. विषय कसा फिरवायचा ते बायकांकडून शिकावं — नाही, तुम्हाला नाही म्हणत. मला वाटलं, माझी खोली कुणाला दाखवतात की काय. भाडेकरू ठेवायचा असेल. तसंही वाटून घेतलं दोन दिवस. वाटून घ्यायला काय लागतं, वेळच वेळ आहे.

पण त्याच्या आधी, गेल्या शनिवारी, रंगीत तालीम होती. ते मळभ होतं म्हणालो ना, तो दिवस. मी कुणाला न सांगता टेकाडावर गेलो. चेहरे दिसेनात, पण डोकी मोजता येतात. तेहेतीस जणींची तुकडी आहे — एक पुढे झेंडा घेऊन, मागे आठ-आठच्या चार रांगा. मी तीनदा मोजलं. बत्तीस. शेवटच्या रांगेत सातच. आता कुणी आजारी असेल, कुणाच्या घरी काही झालं असेल — तेहेतीस पोरींमध्ये ती सत्तावीस नंबरचीच असेल असं थोडंच आहे? मी हेच स्वतःला सांगत खाली उतरलो, तर फाटकाशी त्यांच्या गाडीचा ड्रायव्हर, काच पुसत उभा. मी आपलं सहज म्हटलं, शनिवारी पास लागतो म्हणे. तो म्हणाला, पास कसला आजोबा, त्या दिवशी फाटक सताड उघडं असतं, अख्खं गाव आणा. म्हणजे तिथेच मुलगा खोटा पडला. मी बोललो नाही की लोक बोलतात, हा माझा अनुभव आहे. तर तो आपणहून सांगायला लागला — शिडी चढायची असते त्यांना, खांद्यावर पाइप घेऊन, चार मजले. तीन आठवड्यांमागे एक पोरगी म्हणे चौथ्या मजल्याशी पोचली आणि तिथेच थिजली. वर जाईना, खाली येईना. रडली नाही, ओरडली नाही. खालून शिट्ट्या मारल्या, नावाने हाका मारल्या — हूं नाही की चूं नाही. चाळीस मिनिटं. मग दुसरी शिडी लावून दोघांनी तिची बोटं एकेक करून सोडवली. दुसऱ्या दिवशी सामान घेऊन गेली. मी विचारलं, नाव काय? तो म्हणाला, नाव नाही माहीत, पण आजोबा, अशी उभी होती, जशी कुणी ठोकून बसवलीय.

पाणी आहे का ताई थोडं? …द्या.

तुम्ही म्हणाल, मग आत जाऊन विचारा की, फाटक उघडं आहे. नाही. आत गेलो तर मी शोधतोय हे चार लोकांना दिसणार. असेल तर प्रश्नच नाही, पण नसेल, तर मुलगा-सून तिथे येणारच नाहीत, आणि मी एकटा म्हातारा रांगेपुढून मान वाकवत चाललोय. लांबून बघितलं तर मला कळेल, पण मला कळलंय हे कुणालाच कळणार नाही. मला घरी जाऊन म्हणता येईल, छान झाली परेड, धुकं होतं, फोटो काही आले नाहीत. त्यासाठी ही लेन्स. आता तुम्हाला वाटेल, एवढ्यासाठी एवढी मोठी — वाटू द्या.

आणि मला हेही ठाऊक आहे, की ती शिडीवरची तीच. तुम्ही डोळे बारीक करू नका, मला कुणी सांगितलेलं नाही. मी ओळखलं, कारण ते मीच शिकवलेलं आहे. सात वर्षांची असेल, आमच्या इमारतीच्या गच्चीवर घेऊन गेलो होतो, कठड्यापाशी गेल्यावर घाबरून माझ्या पायाला बिलगली. मी म्हटलं, खुंटे, मी धरणाच्या भिंतीवर उभा राहिलोय पट्टी घेऊन, इकडे पाणी तिकडे दरी, वारा असा की टोपी उडाली ती परत दिसली नाही. तर भीती वाटली की काय करायचं — हलायचं नाही. श्वाससुद्धा हळू. पाय जमिनीत गाडलेत समजायचं, कुणी कितीही ओरडू दे, हलायचं नाही. आणि उभी राहिली हो. कठड्याशी, हात बाजूला सरळ, शंभर आकडे होईपर्यंत. मला केवढा अभिमान. सगळ्यांना सांगत फिरलो. पुढे शाळेत कुणी मारलं, हलली नाही. कुत्रं अंगावर आलं, हलली नाही, कुत्रंच गेलं. मी म्हणायचो, बघा, माझी विद्या.

अर्धीच विद्या होती ती, ताई. आम्ही काय जन्मभर एका जागी उभे नव्हतो. साहेबाचा हात खाली आला की पट्टी उचलायची आणि चालायला लागायचं — दिवसात साठ-साठ वेळा. उभं राहायचं ते पुढे जाण्यासाठीच. पण पोराला सांगताना माणूस आपल्या मर्दुमकीचं तेवढं सांगतो. चालायचं काय सांगायचं, त्यात काय मोठेपण आहे — ते राहूनच गेलं. आणि ती तिथे चौथ्या मजल्यावर उभी, खालून सगळे ओरडतायत, आणि ती आपली आजोबाचं ऐकतेय. चाळीस मिनिटं. मी कधी एवढा वेळ उभा राहिलो नाही. वीस मिनिटं झाली असतील जास्तीत जास्त, तीसुद्धा साहेबाच्या वहीत शाई सांडली म्हणून.

ती मला तोंड दाखवत नाही. होस्टेलमध्ये फोन काढून घेतलेत म्हणे, परेड होईपर्यंत. हेही मुलगाच सांगतो. तिला वाटत असेल, आजोबांना काय सांगू. आणि मला वाटतंय, मी तिला काय सांगू. आणि मध्ये ही माणसं दोघांना सांभाळतायत, चपला सरळ करून.

बरं. किती वाजले? साडेदहाच? मला वाटलं, बारा वाजत आले. नको, बांधू नका ही लेन्स. तीही नको. ठेवा आत, कुलूप लावा, ओढून बघा एकदा. उद्या येईन की नाही, सांगता येत नाही. आलो तर घ्यायलाच येईन. माझी पिशवी तेवढी द्या, आणि कॅमेऱ्याला तुमचं ते आधीचं टोपण लावा, इकडून धूळ जाते.

काही नाही हो, घरी जातो. आज खरं तर यायचंच नव्हतं. आलो कसा, तर कोपऱ्यापर्यंत पोचलो आणि मागे वळायचं तर पाय उचलेना — चांगली पंधरा मिनिटं तिथे विजेच्या खांबाला टेकून उभा होतो, लोकांना वाटलं असेल, म्हाताऱ्याला चक्कर आली. मग मागे वळण्यापेक्षा पुढे येणं सोपं वाटलं, म्हणून इथे. आमच्या समोर एक शिलाईवाली राहते, मशीन खिडकीशी, दिवसभर आमच्या दारावर नजर. सगळ्या गल्लीचं तिला ठाऊक, मी तिच्याशी जेमतेम बोलतो — अशा बाईपुढे खोकलो तरी चार घरांत काढा उकळतात. तिचं खरं मानावं की नाही, हाच विचार करत होतो. पण ती काही उगाच बोलली असं वाटलं नाही. मशीन थांबवलं होतं तिने. सकाळी मी चपला घालत होतो, तर आमच्या दाराकडे बघून, आवाज खाली आणून म्हणाली, "आजोबा, तुम्ही कोपरा वळलात की पाच मिनिटांत येते ती, आणि तुमच्या खुर्चीत बसून रस्त्याकडे बघत राहते. आज काहीतरी विसरल्यासारखं करा, आणि मागे फिरा."